कॉटेज प्रार्थनेला भाकरी-पिठलं ठेवलं तर बरं दिसेल का?

परड्यातली

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कोल्हापुरातली भाड्याची जागा सोडून करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. हे फाउंड्रीत होते, शिफ्ट कमी झाल्या, पगार निम्म्यावर आला, भाडं आणि पोरांची फी दोन्ही भागेना. गावात सासऱ्यांचं जुनं कौलारू घर आहे, मागं परडं आणि 18 गुंठे रान. एक म्हैस. सासूबाई इथंच होत्या. पहिले सहा महिने मला लई जड गेले, चुलीवर भाकरी येत नव्हती, कडा फाटायच्या, पण आता हाताला वळण लागलंय.

आता आमचं जेवण म्हणजे शाळूची भाकरी, परड्यात असेल ते कोरड्यास, ताक, खरडा नाहीतर शेंगदाण्याची चटणी. थंडीत चाकवत, शेपू, हरभऱ्याचा पाला. गुऱ्हाळ सुरू झालं की काकवीची एक बरणी भरून आणतो, पोरं भाकरीसंगट खातात, बिस्किटाचे पुडे बंद झाले. रात्रीची भाकरी उरली तर सकाळी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी. सासूबाईंची जुनी पद्धत आहे, पीठ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, महिन्याला डबा भरला की गल्लीत ज्यांच्या घरी कमवतं कोणी नाही त्यांना द्यायचा. मी आधी ते नुसतं बघायची, आता माझाही हात आपोआप त्या डब्याकडं जातो. धाकटा जेवणाआधी प्रभूची प्रार्थना म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हास दे", आणि एकदा मला विचारलं, आई, कोल्हापुरात असताना आपण चपाती खायचो तर तेव्हा देवाकडं भाकरी का मागायचो?

आता मुद्दा. आमच्या चर्चच्या मंडळीची दर गुरुवारी संध्याकाळी कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरोघरची प्रार्थना असते, 11 घरं, पाळीपाळीनं. सुरवातीला चहा-बिस्कीट असायचं. मग कुणीतरी पोहे केले, मग पावभाजी, आणि आता गेली दोन वर्षं केटररची चिकन बिर्याणी आणि वर आइस्क्रीम असं चाललंय. मागल्या महिन्यात एका घरी 3,400 रुपये गेले हे मला त्या ताईंनीच सांगितलं. आमची पाळी तीन आठवड्यांनी आहे, लेंटमध्येच, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतच येतीय. माझ्या मनात आहे की आम्ही रोज जे जेवतो तेच वाढावं. भाकरी, पिठलं, भात, ताक. हे म्हणतात लोक नावं ठेवतील, यांचं काहीतरी बिनसलंय म्हणतील. उधारी करून बिर्याणी आणायला माझं मन घेत नाही. पण मी चिकटपणा करतेय का हा प्रश्न मलाही पडतोय. खरं सांगा. आणि 30 माणसांना किती काय लागेल तेही सांगा.

रंकाळाकाठ

करा की बिनधास्त. नावं ठेवणारे बिर्याणीलाही ठेवतात, मीठ कमी होतं म्हणतात.

मापाचं सांगते, आमच्या घरी हळदी-लग्नात मी पिठलं केलंय. 30 माणसांना 1 किलो बेसन आणि साडेसहा-सात लिटर पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, गाठी मोडून, मग उकळत्या फोडणीच्या पाण्यात धार लावून सोडायचं आणि एकजण सतत हलवत राहायचा. कोरडं पीठ वरून भुरभुरायची पद्धत चार माणसांना ठीक, मोठ्या पातेल्यात गाठी होणारच. आणि पिठलं थोडं पातळच उतरवा, वाढेपर्यंत घट्ट होतं. लसूण हात सैल सोडून घाला.

भाकरी किलोला 10-11 धरा, म्हणजे 5 किलो पीठ. सोबत 2 किलो तांदूळ लावला की पुरतं. पीठ आठ दिवसांच्या आतलं दळलेलं पाहिजे हां, जुन्या पिठाची विरी जाते आणि मग 50 भाकऱ्या थापताना रडू येतं. विरी गेलीच असली तर उकळतं पाणी घालून मळा, ज्वारीला गव्हासारखी चिकटण नसते, गरम पाण्यानं पीठ थोडं शिजून धरून राहतं.

उद्यमनगर

ताई राग मानू नका पण माझं मत वेगळं आहे. माझे वडील लेथवर काम करायचे, घरात रोज आमटी-भातच, पण पाहुणा आला की आई शेजारून तांदूळ मागून आणायची पण मटण करायची. कोल्हापुरात तांबडा-पांढरा नाही वाढला तर पाहुण्याला वाटतं आपण आलेलं यांना आवडलं नाही. आणि वचनातही बघा, उत्पत्ती 18, तीन माणसं दारात आली तर अब्राहामाने सपिठाच्या भाकरी करायला सांगितल्या आणि कोवळं वासरू कापलं. आपण रोज खातो ते नाही वाढलं, असलेल्यातलं चांगलं वाढलं. काटकसर आपल्या ताटात करावी, दुसऱ्याच्या ताटात नको असं मला मनापासून वाटतं.

परड्यातली

दादा राग नाही, तुमच्या आईबद्दल वाचून गहिवरून आलं. ह्यांचंही अगदी हेच म्हणणं आहे. अब्राहामाचं वाचून मी पण थांबले. पण त्याच्याकडं गुरांचे कळप होते ना, वासरू त्याच्या गोठ्यातलं होतं. माझ्या गोठ्यात ताक आहे. विकत आणलेली बिर्याणी माझी कुठाय, ती तर किराणा दुकानदाराची उधारी आहे.

सिस्टर_निवृत्त

नमस्कार, मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि 34 वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळं माझं लक्ष दुसरीकडं जातं. तुमचं रोजचं जेवण वाचून मला बरं वाटलं. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते डाळीत आणि बेसनात भरपूर असतं, दोन्ही एका ताटात आलं की प्रथिनं चांगली जमतात, म्हणजे भाकरी-पिठलं ही जोडी उगाच जमलेली नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवल्या जेवल्या चहा नको, चहानं लोह कमी शोषलं जातं. आपल्या बायकांची हिमोग्लोबिनं मी आयुष्यभर बघितलीत, म्हणून एवढं आग्रहानं सांगते.

दोन काळज्या. एक, चूल बंद खोलीत असेल तर नको, परड्यात किंवा पडवीत मांडा, जळण वाळलेलं घ्या, ओल्या फाट्याचा धूर पोरांच्या आणि सासूबाईंच्या छातीला वाईट. दुसरी, 30 माणसांचं करताना कोणी वाळलेला राजमा-घेवडा सुचवेल, तो रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि शिजवताना खळखळून उकळी यायलाच पाहिजे, किमान 10 मिनिटं. नुसता कोमट शिजवला तर उलट्या होतात, मी वॉर्डात बघितलंय.

परड्यातली

सिस्टर खूप आभार. चूल पडवीतच आहे. जळणाला पाचट, चिपाडं आणि शेणी. गॅस सकाळी फक्त, सिलेंडर तीन महिने पुरवतो.

एक विचारायचं होतं, मी भात आणि डाळ दहा मिनिटं उकळून, झाकण घट्ट लावून, वाळल्या गवतानं भरलेल्या बुट्टीत ठेवते, वरून गोधडी. तासा-सव्वा तासात आपोआप शिजतं, जळण वाचतं आणि तेवढ्या वेळात मी म्हशीचं बघून येते. हे सुरक्षित आहे ना?

सिस्टर_निवृत्त

भात आणि तूर-मूग डाळीला छान आहे, फक्त मधे झाकण उघडून बघायचं नाही आणि तीन-चार तास तसंच विसरायचं नाही. वाढायच्या आधी परत एक उकळी. राजम्याला मात्र ही पद्धत नको.

जतचा_नातू

हे मी आज्जीचं लिहून घेतोय, आज्जी 81 वर्षांची आहे, मी तिला तुमचा धागा वाचून दाखवला. ती सांगतीय तसं टाइप करतोय.

"बाळा तिला सांग, माझं माहेर जतकडं. 72 च्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो, तिथं सुकडी मिळायची आणि रेशनला तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी वळायची न्हाई, तुकडं पडायचं. त्या वेळंला आमच्या वस्तीत चर्चचं पाळक यायचं, सायकलवरनं. त्यांना वाढायला काय न्हवतं. आईनं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं, जर्मनच्या वाटीत दिलं आणि पदरानं डोळं पुसलं. पाळकांनी वाटी दोन्ही हातात धरली आन लई वेळ प्रार्थना केली, माडगं गार झालं. परत मागून घेतलं त्यांनी. मला अजून ती वाटी दिसतीय. तिला म्हणावं माडगं कर, हुलगा गरम असतोय, थंडीतनं आलेल्या माणसाला बरं वाटतं."

आज्जी परत विचारतीय की तुमच्याकडं हुलगं हायत का, नसलं तर पाठवून देती.

परड्यातली

आज्जींना माझा नमस्कार सांगा. हुलगे आहेत, बांधाला केले होते, पाऊस कमी असला तरी येतात. माडगं सासूबाईंना येतं, आता मी पण शिकते. वाचून दाखवलं त्यांना, त्या काहीच बोलल्या नाहीत, उठून हुलग्याचा डबा काढून उन्हात ठेवला.

पाळकीणबाई

मी तीन दिवस विचार करत होते लिहावं का. मंडळी कुठली ते सांगत नाही, कोल्हापुरातली नाही एवढं सांगते.

आमच्याकडंही अशीच पाळीची प्रार्थना होती आणि असंच जेवण वाढत गेलं. एक कुटुंब होतं, तो रिक्षा चालवायचा, ती धुणीभांडी. दर आठवड्याला यायचे, ती गीतं फार सुंदर म्हणायची. हळूहळू यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं विश्वासात थंड पडले, आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थनाही केल्या! सहा महिन्यांनी मी भेटायला गेले तर ती दारातच उभी राहून म्हणाली, बाई, यादीत पुढचं नाव आमचं होतं, 30 माणसांची बिर्याणी कुठून आणू, म्हणून आलोच नाही.

मला त्या रात्री झोप नाही. ते आले नाहीत त्या प्रत्येक गुरुवारी आम्ही कोणाच्या तरी घरी बसून मांस खात होतो आणि त्यांच्यासाठी त्यांना जे नको होतं तेच देवाकडं मागत होतो.

उद्यमनगर दादा, तुमच्या आईचं प्रेम खरं आहे, त्यात काही कमी नाही. पण एक पाहुणा वेगळा आणि दर आठवड्याची पाळी वेगळी. पाळीत एकानं जे वाढलं ते पुढच्याला मोजमाप होऊन बसतं. प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं ते योहान 6 मध्ये जवाच्या भाकरी लिहिल्यात, जव म्हणजे तिथलं गरिबाचं धान्य, एका पोराची शिदोरी होती ती. आणि जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, 12 टोपल्या. देणारा इतका मोठा हाताचा, तरी तुकडा वाया जाऊ दिला नाही. मला ते वाचताना नेहमी वाटतं की उदारपणा आणि काटकसर ह्या एकाच हाताच्या गोष्टी आहेत.

ताई तुम्ही माडगं कराच. तुमच्या 11 घरांत कोण गप्प आहे तेही जरा बघा.

रंकाळाकाठ

वाचून थांबले. आमच्याही गटात एक घर असंच आहे, मला आत्ता लक्षात आलं.

सरवा

मूठभर धान्यावरून आठवलं, मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायका स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, 1910 पासून चालू आहे, त्याला बुहफाई थाम म्हणतात, तेवढ्यावर त्यांच्या मंडळीची किती कामं चालतात. तुमच्या सासूबाईंना सांगा, तिकडंही त्यांच्यासारख्याच आहेत सगळ्या.

माझं नाव सरवा का तर आमच्या भागात भुईमूग निघाला की रानात राहिलेल्या शेंगा वेचायला बायकापोरं जातात, त्याला सरवा म्हणतात, आणि बायबलमधल्या रूथनं पण सरवाच वेचला. लेवीय 19 मध्ये शेताच्या कडा कापू नका, सरवा वेचू नका असं मालकालाच सांगितलंय. माझे आजोबा शेंगा काढून झाल्या की मुद्दाम दुसऱ्यांदा रान बघायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं आळस करतात.

केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, 1900 ला गुजरातमधून आणल्या, एवढ्या जणींना सांभाळायचं तर त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, दळण-स्वयंपाक मुलींनीच करायचा. तिथं कसलं पक्वान्न असणार. पण शेकडो जणींना आसरा दिला. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांचा साधेपणा तिथून आलाय असं मी मानतो.

परड्यातली

झाली आमची प्रार्थना काल! सांगायलाच बसलेय, सगळं सांगते.

ह्यांना मी पाळकीणबाईंचं लिहिलेलं वाचायला दिलं. वाचून गप्पच बसले, मग सकाळी उठून परड्यात विटा मांडून दोन चुली आणखी केल्या. एवढंच, बोलले काही नाहीत.

मी आदल्या गुरुवारी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमच्याकडं भाकरी-पिठलं आहे, ज्यांना भाकरी थापता येतात त्यांनी पाच वाजता या. तीन जणी आल्या, एकीनं आपली काठवट आणि तवा आणला. चौथ्या ताई म्हणाल्या मला थापता येत नाही पण जाळ घालते. 31 माणसं झाली. भाकऱ्या 54 झाल्या, 3 उरल्या. पिठल्याचं रंकाळाकाठ ताईंचं माप बरोबर निघालं पण एक चूक झाली, पातेलं मोठं, जाळ जास्त, खाली लागलं. वास येताच सासूबाईंनी फाटी ओढली आणि वरचं पिठलं न खरवडता दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतलं, त्यामुळं करपट वास लागला नाही. म्हणून सांगते, मोठ्या पातेल्याला जाळ कडेनं घाला, मधोमध नको.

चाकवताची ताकातली भाजी, खरडा, भात, आणि आधी प्रत्येकाला एक वाटी माडगं. काकवी पोरांना. सगळा हिशोब सांगते, शाळू, डाळ, तांदूळ, तेल धरून साडेपाचशेच्या आत. बाकी घरचं.

प्रार्थना परड्यातच झाली, घोंगडी-सतरंज्या टाकून, आर विझत आलेला होता तिथंच. बिर्याणी असायची तेव्हा आम्ही बायका अर्धी प्रार्थना ताटं-चमचे मोजण्यात घालवायचो. काल भाकऱ्या करताना इतक्या गोष्टी निघाल्या, एकीच्या नवऱ्याची बायपास ठरलीय हे दोन महिने कोणाला माहीतच नव्हतं, ते चुलीपाशी कळलं. मग त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, नाव घेऊन.

निघताना एक ताई मागं थांबल्या. माझ्या सासूबाईंच्या हातात मुठीच्या डब्यासाठी म्हणून थोडे तांदूळ दिले, पदरात बांधून आणले होते. मग मला म्हणाल्या, पुढच्या गुरुवारचं आमच्याकडं लावा. मला आधी लक्षात आलं नाही. त्यांची पाळी तीन वेळा पुढं ढकललेली होती, प्रत्येक वेळी कारण वेगळं, पाहुणे आलेत, पोराची परीक्षा. मी त्यांचा हात धरला फक्त, बोलता आलं नाही मला.

पाळकीणबाई

प्रभूची स्तुती असो. परत परत वाचतेय.

उद्यमनगर

ताई वाचलं. मला पूर्ण पटलंय असं नाही म्हणणार, नाताळात आणि ईस्टरला मटण पाहिजेच आणि त्या दिवशी मी कोणाचं ऐकणार नाही. पण पाळीचं जेवण वेगळं हे पटलं. आमच्या गटात मी रविवारी विषय काढतो की गुरुवारी एकच कालवण, भाकरी नाहीतर भात, त्याच्यावर कोणी काही करायचं नाही. जास्त करायची हौस असेल त्यानं ईस्टरच्या मटणाला पैसे घालावेत, म्हणजे सगळ्यांच्या ताटात पडेल.

परड्यातली

दादा ईस्टरला आमच्याकडनं कांदा-लसूण चटणी धरा, दोन किलो. मटणाला मी पण येणार आहे.

रंकाळाकाठ

माडग्याचं माप टाका की कोणीतरी, सगळे नुसतं माडगं माडगं म्हणताय.

परड्यातली

सासूबाईंना विचारून लिहितेय. हुलगे निवडून मंद आचेवर खमंग भाजायचे, तडतडले की उतरवायचे, गार झाल्यावर बारीक दळून आणायचे. चार माणसांना पाऊण वाटी पीठ. आधी गार पाण्यात कालवायचं, गाठ ठेवायची नाही. पाच वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ, ठेचलेला लसूण 8-10 पाकळ्या, जिरं. उकळी आली की कालवलेलं पीठ सोडायचं आणि हलवत राहायचं, नाहीतर उतू जातं, लगेच वर येतं ते. दहा मिनिटं शिजू द्यायचं. कोणी गुळाचा खडा घालतं, आमच्यात घालतात. वरून थोडं तूप. 31 जणांना मी सव्वा किलो पीठ नेलं होतं दळून, एक किलोच लागलं.

जतचा_नातू

आज्जी म्हणतीय लसूण कमी घातलाय तुम्ही. आणि वाटीत वाढताना वाटी काठोकाठ भरायची न्हाई, धरताना हात भाजतोय.